फादरांकडे न गेलेली चिठ्ठी

मूल आपलं, सांभाळणार त्या, आणि वर आभारही त्याच मानणार, हे रतनच्या गळी पहिल्या दिवसापासून उतरलं नव्हतं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला ती घाटकोपरच्या कचेरीतून बसने परत यायची आणि घरी न जाता आधी कन्नमवार नगरातल्या त्या तळमजल्यावरच्या दाराशी उभी राहायची. दोन खोल्या एकमेकींना जोडून घेतलेल्या. बाहेरच्या खोलीत पाळणाघर आणि आतल्या खोलीत चार ख्रिस्ती सिस्टर राहायच्या. आतून सिस्टर जेसिंता विशाखाला कडेवर घेऊन यायची, पिशवी हातात द्यायची आणि तोंडभर हसून म्हणायची, "थँक्यू हां, विशूच्या आई. काल तुमच्या मुलीने मला स्वतःच्या हाताने लापशीचा घास भरवला."

एक दिवस घास भरवला म्हणून. दुसऱ्या दिवशी पाळणाघरातल्या शेवंतीची ओढणी धरून दोन पावलं टाकली म्हणून. तिसऱ्या दिवशी तर विशू नुसती झोपली होती, तरी आभार. "तिला झोपलेली बघून मला पण शांत वाटलं, म्हणून थँक्यू."

रतन मान हलवायची आणि निघायची. पण जिने चढताना तिचं डोकं चालूच. आपण कोणाचे आभार मानतो? ज्याच्याकडून काहीतरी मिळालंय त्याचे. मग ह्यांना माझ्याकडून काय मिळतंय? चौदा महिन्यांची पोर काय देणार ह्यांना?

शेजारच्या नलिनीकाकूंना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी तांदूळ निवडता निवडता सूप खाली ठेवलं. काकू मालवणच्या, तोंडाने फटकळ.

"फुकट कोण काय देता गो? दूध देतत, खिचडी देतत, नि वर थँक्यू म्हणतत? अगो, माझी सासू मला भाकरी द्यायची ना, ती पण मोजून द्यायची."

"मग काय करू काकू? कुठे ठेवू तिला?"

"ठेव तिथेच. पण डोळे उघडे ठेव. शिकलेली आहेस ना तू?"

शिकलेली होती म्हणूनच तर हा घोळ होता. बी.ए. झालेली, जातीच्या दाखल्यावर राखीव जागेतून लागलेली आवक-जावक क्लार्क. नेमणूक हंगामी. डिसेंबरअखेर हेडक्लार्क शिफारस करणार, मग कायम. तोपर्यंत एक रजा नको, एक लेटमार्क नको. सासूबाई, सोनूबाई, जुन्नरकडच्या गावी, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नवरा शिवदास विक्रोळीच्याच एका कारखान्यात पहिल्या पाळीला. पाळणाघर दुसरं होतं, गोदरेजच्या बाजूला, पण तिथे दीड वर्षाच्या आतलं मूल घेत नव्हते. सगळ्या वाटा फिरून त्या तळमजल्याच्या दाराशीच येत होत्या.

म्हणून रतनने डोळे उघडे ठेवले. पिशवीतले लंगोट मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची. विशूच्या गळ्यात, मनगटात, फ्रॉकच्या शिवणीत कुठे काही अडकवलंय का, हे रोज रात्रीचा वरण-भात चढवायच्या आधी तपासायची. कधीच काही सापडलं नाही. त्याने तिचा संशय कमी झाला नाही. उलट, ह्या बायका फारच व्यवस्थित आहेत, असं तिला वाटायला लागलं.

पाळणाघरात खिचडी करणारी शेवंती हीच तिची आतली बातमीदार. एकदा नळावर रतनने तिला गाठलं.

"काय गं, आत काय चालतं संध्याकाळी? दार लावून घेतात ना?"

"बसतात चौघी गोल. प्रार्थना म्हणतात. मग एकेक जण सांगते, आज मला कोणाकडून काय मिळालं. नाव घेऊन सांगावं लागतं. आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला तोंडावर जाऊन थँक्यू म्हणायचं. नियमच आहे त्यांचा."

"आणि माझ्या पोरीचं नाव घेतात?"

"जेसिंता सिस्टर तर रोजच घेते की!" शेवंती कौतुकाने म्हणाली.

रोज संध्याकाळी, दार लावून, परक्या देवापुढे आपल्या लेकीचं नाव. आणि आपल्याला पत्ता नाही.

*

मग तो मंगळवार आला, अकरा नोव्हेंबरचा.

त्या संध्याकाळी दाराशी जेसिंता आली, पण हसली नाही. विशू तिच्या खांद्यावर मान टाकून पडलेली. सकाळी घातलेला पिवळा फ्रॉक अंगावर नव्हता, पाळणाघरातला कुठलातरी निळा होता.

"ताप आला होता तिला. डॉक्टरांनी बघितलं. हे औषध दिवसातून तीनदा."

"आणि फ्रॉक?"

"पाणी सांडलं." जेसिंताने पिशवी पुढे केली. आतला पिवळा फ्रॉक गळ्यापाशी अजून ओला होता.

रतनने पोरीच्या कपाळाला हात लावला. कोमट होतं. तापाची काळजी एवढी दाटली की तेव्हा तिच्या लक्षात आलं नाही, घरी पोचल्यावर आलं. आज थँक्यू नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तर जेसिंता दाराशी आलीच नाही, शेवंतीने पोर आणून दिली. चौथ्या दिवशी रतनने मुद्दाम मान लांब करून आत बघितलं, तर जेसिंता पाठमोरी, सतरंज्या झटकत होती. झटकलेल्याच सतरंज्या पुन्हा झटकत होती.

गंमत बघा, इतके दिवस जे आभार खुपत होते, ते बंद झाल्यावर रतनला जास्त खुपायला लागलं. घरात सारखं हेच. भाजी निवडताना, वेणी घालताना, कचेरीत आवक क्रमांक टाकताना. कालपर्यंत जिला माझी पोर म्हणजे जीव की प्राण, ती माझ्याकडे बघत का नाही?

"काहीतरी केलंय तिने," ती शिवदासला म्हणाली.

"अगं, कंटाळली असेल. वीस पोरं सांभाळून बघ."

"कंटाळलेली बाई तोंड फिरवत नाही. तोंड वाकडं करते. फरक असतो."

शिवदासने तिच्याकडे बघितलं आणि पेपर उघडला. "तुला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं."

*

गुरुवारी, म्हणजे बरोबर नवव्या दिवशी, विशूचं नाक पुन्हा गळायला लागलं. रतनने तिला पाळणाघरातून घेतलं आणि घरी न नेता सरळ नाक्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर यायचे होते. त्यांचा कंपाउंडर धोंडू काचेच्या खिडकीमागे पुड्या बांधत बसला होता. विशूला बघून तो ओळखीचं हसला.

"काय, आकडी परत आली नाही ना?"

"कसली आकडी?"

"अहो, त्या दिवशी नाही का... मागच्या आठवड्यात, मंगळवारी. त्या सिस्टरबाई धावत घेऊन आल्या होत्या हिला, पायात चप्पल नाही. डॉक्टर म्हणाले, तापाची आकडी आहे, घाबरू नका, येते पोरांना..." धोंडूचा हात पुडीवर थांबला. रतनचा चेहरा बघून त्याचा आवाज खाली आला. "तुम्हाला ठाऊक नाही?"

डॉक्टरांची वाट न बघता ती बाहेर पडली. विशू कडेवर, पिशवी खांद्यावर, पदर कमरेला खोचलेला. आकडी! माझ्या पोरीला आकडी आली, आणि मला सांगतात, ताप होता, पाणी सांडलं!

पाळणाघराचं दार बंद होतं. सात वाजत आले होते. आतून आवाज येत होता. रतनने हात उचलला आणि पुन्हा खाली घेतला. बाजूची खिडकी अर्धी उघडी होती. ती भिंतीला लागून उभी राहिली. चोरून ऐकायची लाज वाटण्याच्या पलीकडे ती गेली होती.

चार जणी चटईवर बसलेल्या. एक सरकारी इस्पितळात नर्स, तिने सांगितलं की एका म्हाताऱ्या पेशंटने आज आपल्याला सफरचंदाची फोड दिली. दुसरी क्षयाच्या रोग्यांच्या घरी जायची, तिला कोणीतरी बसायला पाट दिला होता. मोठ्या सिस्टर ऑगस्टा, मंगळूरच्या, साठीच्या पुढच्या, त्यांना बसमध्ये कंडक्टरने हात धरून चढवलं होतं. बस्, एवढंच. रतनला वाटलं होतं तसलं काही गूढ नव्हतं. सफरचंद, पाट, हात.

मग सगळ्या थांबल्या.

"जेसिंता?" ऑगस्टा म्हणाल्या.

"काही नाही, सिस्टर."

"आज नववा दिवस झाला. रोज काही नाही. मिळत नाही, की घ्यायला भीती वाटते?"

त्याच वेळी विशूने खिडकीच्या गजांतून आत बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात "ता!" म्हटलं. जेसिंताला ती तेवढीच हाक मारायची.

चारही माना वळल्या. मग रतननेच दार वाजवलं, वाजवलं कसलं, बडवलं.

*

"आकडी आली होती माझ्या मुलीला. हो की नाही?"

दार ऑगस्टांनी उघडलं होतं, पण रतन बोलत होती त्यांच्या खांद्यावरून मागे, जेसिंताशी. जेसिंता उभी राहिली. तेवीस-चोवीस वर्षांची, वसईच्या वाडीत वाढलेली, भाजीच्या पाट्या उचलून रुंद झालेले खांदे. ते खांदे आता पडलेले होते.

"हो."

"आणि तुम्ही मला ताप सांगितलात."

"हो."

"जेसिंता," ऑगस्टा हळूच म्हणाल्या, "मी त्या दिवशी बांद्र्याला मिटिंगला होते. मला पण तू तापच सांगितला."

म्हणजे हिने घरातसुद्धा लपवलं. रतनला एक क्षण बरं वाटलं, की आपण चुकत नव्हतो. विशूने दोन्ही हात जेसिंताकडे पसरले. रतनने तिला मागे ओढून छातीशी धरलं. पोर रडायला लागली.

नर्स सिस्टरने स्टूल पुढे केलं. रतन बसली नाही.

"सांगा. पहिल्यापासून."

जेसिंताने सांगितलं. दुपारी अडीच वाजता, बाकीची मुलं झोपलेली, विशूचं अंग एकाएकी तापलं. डोळे वर गेले. हातपाय ताठ झाले, मग झटके. शेवंती कांदा आणायला धावली, हुंगवायला. "मी तिला कुशीवर वळवलं, ह्या नर्स सिस्टरने मला शिकवलेलं होतं. तोंडात काही घातलं नाही. पण ती निळी पडली, विशूच्या आई. ओठ निळे. मला वाटलं, गेली."

"मग?"

"मग ती रडली. मी उचलली आणि दवाखान्यात पळाले. डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटांची आकडी होती, आता धोका नाही. तुमचा चेहरा समोर आला. तुम्ही रोज लंगोट मोजता. मला वाटलं, हे कळलं तर तुम्ही तिला न्याल. म्हणून ताप सांगितला."

रतनचा राग इथे थोडा अडखळला. खोटं होतं, पण कळण्यासारखं खोटं होतं. असंच खोटं ती स्वतः हेडक्लार्कला कितीदा बोलली होती. ती म्हणणारच होती, की ह्यापुढे असं केलंत तर बघा. पिशवीही तिने खांद्यावर सावरली होती.

"थांबा," जेसिंता म्हणाली. "आकडीचं तुम्ही विचारलंत, ते सांगितलं. अजून एक आहे. ते कोणी बघितलेलं नाही. शेवंतीपण आत होती."

ऑगस्टांनी एकदम वर बघितलं.

"ती निळी पडली तेव्हा बाजूला पाण्याचा तांब्या होता. मी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. आणि ते शब्द म्हटले. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. मी तिला बाप्तिस्मा दिला."

विशूचं रडणं तेवढं चालू.

"आमच्यात मरणाऱ्या बाळाला कोणीही देऊ शकतं," जेसिंता घाईघाईने बोलत होती, थांबली तर पुढे बोलवणार नाही अशी. "लहानपणापासून शिकवलेलं. मी विचार केला नाही. हातच गेला तांब्याकडे. मग ती जगली. आणि मला कळेना, आता काय. तुम्ही मला रोज तुमची मुलगी विश्वासाने देता, आणि मी तुमच्याकडून काहीतरी न विचारता घेतलं. त्यानंतर तुमच्यासमोर येऊन थँक्यू कुठल्या तोंडाने म्हणू?"

रतनच्या डोळ्यांपुढे मामंजी आले. धाकू रोकडे. गावाकडून रेल्वेने नागपूरला गेलेले, छपन्न साली, नवं पांढरं धोतर नेसून. लाखो माणसांत उभे राहून त्यांनी स्वतःच्या तोंडाने, एकेक शब्द उच्चारून धम्म घेतला होता. परत आल्यावर गावाने वर्षभर पाणी तोडलं, तरी ते ढळले नाहीत. म्हणायचे, आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी कोणाला न विचारता केली. आणि त्यांच्या नातीला, बोलतासुद्धा येत नसताना, एक तांब्याभर पाण्याने?

"तुम्हाला लाज नाही वाटली?" ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "आमच्या घरात धर्म असा घेत नाहीत. कोणी कोणाच्या डोक्यावर ओतत नाही."

जेसिंता रडत होती, आणि डोळे पुसत नव्हती.

मग रतनच्या मनात कचेरीतली बाई जागी झाली. "नोंद केलीत? कुठे? चर्चच्या वहीत नाव गेलं का तिचं?"

ही साधी भीती नव्हती. दाखल्यावर लागलेली माणसं कागद किती घाबरून बघतात ते रतनला ठाऊक होतं. एकदा आवक क्रमांक पडला की तो कागद साहेबाच्या बापालाही खोडता येत नाही. उद्या विशू शिकेल, दाखला मागायला जाईल, आणि कुठल्यातरी चर्चच्या वहीत तिचं नाव ख्रिस्ती म्हणून बसलेलं असेल. एखादा खोडसाळ माणूस ते उकरून काढील. मग पोर ना इकडची, ना तिकडची.

जेसिंता आत गेली आणि घडी घातलेला कागद घेऊन आली. तिने तो ऑगस्टांना दिला नाही, रतनच्या हातात दिला.

बारीक, गोल अक्षर. 'विशाखा. वय चौदा महिने. वडील शिवदास रोकडे, आई रतन. मंगळवार, ११ नोव्हेंबर १९८६, दुपारी. मरणाच्या भीतीने पाणी दिले. साक्षीदार नाही.' खाली सही.

"फादरांना द्यायची असते, नोंदीसाठी. त्याच संध्याकाळी लिहिली. दोन रविवार... नाही, एकच रविवार मधे गेला. चर्चच्या दारापर्यंत नेली आणि परत आणली."

"दुसरी प्रत?"

"नाही."

"खरं?"

"आता खोटं कशाला बोलू? हे तर तुम्ही विचारलंही नव्हतं."

रतनने ऑगस्टांकडे बघितलं. म्हाताऱ्या सिस्टरने चष्मा काढून हातात धरला होता. "बाई, मी तुम्हाला खोटा दिलासा नाही देणार. आमच्या कायद्यात ही चिठ्ठी फादरकडे जायला पाहिजे. माझ्या मनात, आईबापांना विचारल्याशिवाय नाही जायला पाहिजे. दोन्ही एका वेळी माझ्या अंगावर आलंय. मला आजची रात्र द्या."

"तुमची रात्र तुमच्यापाशी," रतन म्हणाली. "चिठ्ठी माझ्यापाशी." आणि ती निघाली.

*

शिवदासने चिठ्ठी दोनदा वाचली. मग भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघितलं, मग झोपलेल्या विशूकडे. तो सहसा चिडायचा नाही. आज त्याने ताट बाजूला सारलं.

"उद्यापासून पोर तिथे जाणार नाही."

"मग कुठे?"

"नोकरी सोड. महिनाभर राहिलाय काय आणि नाही काय."

"वा! महिनाभरच राहिलाय म्हणून सोडू?"

"मग काय करू? आई तर येणार नाही. मी घरी बसू? नऊ महिने तूच कानीकपाळी ओरडत होतीस ना, त्या बायकांच्या मनात काहीतरी आहे म्हणून? निघालं ना? तुझंच खरं झालं!"

हे ऐकून रतनला विजयी वाटायला हवं होतं. नाही वाटलं. तिने चिठ्ठी त्याच्या हातून काढून घेतली, घडी घातली, आणि पुन्हा उघडली.

"माझं अर्धंच खरं झालं," ती म्हणाली. "मी नऊ महिने शोधत होते, मला काय सापडलं? काही नाही. आकडीचंसुद्धा धोंडूच्या तोंडून चुकून निघालं. आणि हे पाण्याचं... हे मला जन्मात कळलं नसतं. कोणाला कळलं नसतं. ती गप्प बसली असती तर मी तिला माफ करून पिशवी उचलून निघालेच होते, शिवा. तिने मला थांबवून सांगितलं."

"म्हणून काय पाय धरू तिचे?"

"पाय कशाला? मला अजून तिचा राग येतोय. कदाचित जाणारही नाही. पण नाक्यावरच्या दुसऱ्या एखाद्या बाईकडे ठेवली, आणि पोर निळी पडली, तर ती बाई तिला कुशीवर वळवील? अनवाणी पळेल? आणि वळवलं, पळाली, तरी मला सगळं सांगेल? स्वतःवर उलटेल असं?"

शिवदासने बाजूला सारलेलं ताट पुन्हा पुढे ओढलं. मग म्हणाला, "आणि ते पाणी?"

"मामंजी म्हणायचे ना, स्वतःच्या तोंडाने म्हटलं तोच धर्म. विशू काय म्हणाली त्या वेळी? शुद्धीत तरी होती का? तिचं ती मोठी झाल्यावर म्हणेल. पण कागद नको. कागद मी होऊ देणार नाही."

तिने विशूची दुधाची बाटली उकळायला ठेवली, आणि ओट्यापाशीच उभं राहून, कचेरीतल्या वहीचं एक पान फाडून लिहायला लागली. सवयीने आधी वर उजवीकडे तारीख टाकली.

*

शुक्रवारी सकाळी आठला ती दाराशी हजर. विशू कडेवर, पिशवीत मोजलेले लंगोट, हातात कागद. शिवदास कामावर गेला होता. जाताना 'ठेवू नकोस' असं काही म्हणाला नव्हता, 'ठेव' असंही नाही. बघून घे, एवढंच म्हणाला होता.

ऑगस्टांनी कागद उभ्यानेच वाचला, ओठ हलवत, मराठी अक्षरं एकेक करून. मुलीच्या आईवडिलांनी संमती दिलेली नाही. कुठल्याही वहीत नोंद होणार नाही. मुलीला लहान-मोठं काहीही झालं, तर ते त्याच संध्याकाळी आईला सांगितलं जाईल, संपूर्ण.

"दुसऱ्या मुद्द्यासाठी मला वर कळवावं लागेल," ऑगस्टा म्हणाल्या. "फादरना सांगेन, आमच्या प्रांताच्या मदरना सांगेन. चिठ्ठी नाही म्हणून सांगेन, आणि का नाही ते पण. रागावतील."

"म्हणजे सही करणार नाही?"

"करणार. रागावणं माझ्या वाट्याला येईल, तुमच्या नाही." त्यांनी चष्मा सावरला, भिंतीला कागद टेकवला आणि सही केली. मग वळून पेन पुढे केलं. जेसिंताने घेतलं. सहीत तेच बारीक, गोल अक्षर.

"एक विचारू?" तिने पेन परत देताना म्हटलं. "संध्याकाळी बसतो तेव्हा तिचं नाव... घेऊ की नको?"

रतनने विचार केला. तिला वाटलं होतं, ह्याला सरळ नाही म्हणावं. मग सफरचंदाची फोड आठवली, बसायला दिलेला पाट आठवला.

"माझं ऐकून काय कराल? मनात घेतलंत तर मला कुठे कळणार आहे? फक्त ते शब्द नकोत. पाणीही नको."

"नाही," जेसिंता म्हणाली. "कधीच नाही."

नर्स सिस्टर आणि दुसऱ्या सिस्टर त्यांच्यामधून वाट काढत, डबे सांभाळत बाहेर पडल्या. शेवंतीने स्टोव्हला पिन मारायला घेतली. दोन-तीन पोरं आलीच होती, एकाचा बाप त्याला उंबऱ्यावर सोडून पळालाही. रतनने घड्याळ बघितलं. आठ वाजून वीस. साडेआठची बस, म्हणजे नऊला कचेरी, म्हणजे वेळेवर.

तिने विशूला अजून सोडलं नव्हतं. पोर मात्र कधीची पुढे झुकलेली, दोन्ही हात पसरून. आईच्या कडेवरून कोणाच्या कडेवर जायचं ह्याबद्दल तिच्या मनात काही शंकाच नव्हती. एवढ्या लहान जिवाला सगळं कसं सोपं असतं, ह्याचा रतनला हेवाही वाटला आणि धसकाही.

"डॉक्टर म्हणाले, पुन्हा येऊ शकते," ती म्हणाली. "आकडी. धोंडूच्या भरवशावर नाही, मी सकाळीच स्वतः जाऊन डॉक्टरांना विचारून आले. ताप चढला की येऊ शकते, पाच वर्षांची होईपर्यंत."

"हो. मला पण तसंच सांगितलं त्यांनी."

"रविवारी आली तर? घरी आली तर? मी एकटी असताना?"

जेसिंताला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने सतरंजी ओढून भिंतीशी पसरली आणि गुडघ्यांवर बसली. "द्या इकडे. नाही, असू द्या, तुम्हीच ठेवा खाली. तुम्हीच करा."

रतनने पिशवी खाली टाकली. विशूला सतरंजीवर पाठीवर निजवलं. पोर हसली, तिला वाटलं, खेळ आहे.

"हा हात असा वर. आता खांद्याला धरा, कमरेला धरा, आणि आपल्याकडे वळवा. घाई नको. मान वाकडी होऊ द्यायची नाही, गालाखाली तुमचा हात. तोंडात बोट नाही, चमचा नाही, कोण काहीही सांगू दे. आणि घड्याळ बघायचं. किती वेळ झाला ते डॉक्टर पहिलं विचारतात."

रतनने वळवली. विशू कुशीवर झाली आणि खिदळत लगेच पोटावर पालथी पडली.

"जास्त जोर लावलात," जेसिंता म्हणाली.

"कळलं."

बाहेर कोपऱ्यावर बस येऊन थांबल्याचा आवाज आला. शेवंतीने मान वर करून बघितलं. "ताई, तुमची गाडी."

रतनने ऐकलं. तिने पालथ्या पोरीला पुन्हा पाठीवर केलं, हात वर ठेवला, खांदा धरला, आणि जेसिंताच्या हातांकडे डोळे रोखून म्हणाली, "अजून एकदा दाखवा."